व्हॅम्पायर तोच, कादंबरी वेगळी: पॅरानॉर्मल रोमान्स आणि अर्बन फॅन्टसी

'व्हॅम्पायर असलेलं काहीतरी सुचवा' असं कुणी म्हटलं की भराभर नावं येतात आणि त्यातली निम्मी मागणाऱ्याच्या कामाची नसतात. पुस्तकं वाईट असतात असं नाही. एकीला प्रेमकथा हवी असते आणि तिच्या हाती खुनांचा तपास पडतो. दुसऱ्याला तपास हवा असतो आणि तो तीनशे पानं दोघांचे रुसवेफुगवे वाचत बसतो. मुखपृष्ठावरून काही कळायची सोय नाही. दोन्हींवर रात्र, चंद्र आणि लेदर जॅकेट घातलेलं कुणीतरी. एक असतो पॅरानॉर्मल रोमान्स, म्हणजे अलौकिक पात्रांची प्रेमकथा. दुसरी अर्बन फॅन्टसी, म्हणजे आजच्या जगात अलौकिक गोष्टी आणून सांगितलेली तपासाची किंवा साहसाची कथा.

प्रेम किती आहे, यावर हा फरक ठरत नाही. अर्बन फॅन्टसीत रोमान्सला लाजवील इतका शृंगार असू शकतो. मी एक साधी परीक्षा लावते: प्रेमप्रकरण काढून टाकलं तर कथानक उभं राहतं का? राहिलं तर अर्बन फॅन्टसी, कोसळलं तर रोमान्स. शिवाय रोमान्सचा शेवट आधीच ठरलेला असतो, दोघं एकत्र येणार आणि सुखात असणार. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेची व्याख्याही हेच सांगते: मध्यवर्ती प्रेमकथा आणि समाधान देणारा, आशादायी शेवट. त्यामुळे रोमान्सचा शेवट कुणी आधी सांगितला तरी बिघडत नाही. ते जमलं कसं, हेच तर वाचायचं असतं.

मालिकेची रचना पाहिली की बहुतेक वेळा लगेच ओळखता येतं. जे. आर. वॉर्डची 'ब्लॅक डॅगर ब्रदरहुड' 2005 साली 'डार्क लव्हर'ने सुरू झाली. त्यात व्हॅम्पायर योद्ध्यांची टोळी आहे, आणि साधारणपणे दर पुस्तकात त्यातल्या एकाचं जुळतं. जोडी जुळली की पुस्तक संपलं, पुढच्यात दुसरा योद्धा. उलट लॉरेल के. हॅमिल्टनच्या 'गिल्टी प्लेझर्स'मध्ये (1993) अनिता ब्लेक स्वतःच कथा सांगते, आणि पुढच्या भागांतही तीच सांगत राहते. मेलेल्यांना उठवणं हा तिचा पेशा. व्हॅम्पायरांना तिथे कायद्याने हक्क आहेत, आणि गुन्हेगार व्हॅम्पायरांना संपवायचा परवाना तिच्याकडे आहे. जग, त्यातले कायदे, त्यातली सत्ता हाच विषय. पुढे या मालिकेत शृंगार इतका वाढला की तपासासाठी आलेले कितीतरी वाचक वैतागून निघून गेले. तेव्हा ही मालिका सुचवताना कितवा भाग ते नक्की सांगा.

सगळ्यात मोठा घोळ शार्लेन हॅरिसच्या सूकी स्टॅकहाउसबाबत झाला. (पुढे शेवट फुटणार आहे, वाचायची असेल तर हा परिच्छेद सोडा.) सूकी लुइझियानातल्या एका छोट्या गावातल्या बारमध्ये वेट्रेस. तिला माणसांच्या मनातलं ऐकू येतं, त्यामुळे कुणाशी प्रेम जमणं अवघड. व्हॅम्पायरांच्या मनातलं मात्र ऐकू येत नाही, म्हणून बिल नावाचा व्हॅम्पायर बारमध्ये येऊन बसतो तेव्हा तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या शेजारी शांतता मिळते. इतकी सुंदर सुरुवात वाचल्यावर ही प्रेमकथाच आहे असं कुणालाही वाटेल. 2001 ते 2013 अशी 13 पुस्तकं लोकांनी बिल की एरिक हा दुसरा व्हॅम्पायर, या वादात वाचली. शेवटी सूकीच्या वाट्याला आला बारचा मालक सॅम. केवढा संताप झाला! मला मात्र लेखिकेने फसवलं असं वाटत नाही. तिने रहस्यकथा लिहिली होती, वाचकांनी ती रोमान्स म्हणून वाचली.

'ट्वायलाइट' (2005) मात्र या रचनेच्या परीक्षेत बसत नाही. नायिका एकच, मुख्यतः ती स्वतः सांगते, चार भाग. सगळा थाट अर्बन फॅन्टसीचा. पण नायिका बेला आणि तिचा व्हॅम्पायर प्रियकर एडवर्ड वेगळे केले तर उरतं काय? पाऊस. तो रोमान्सच.

आणि 'ड्रॅक्युला' (1897) यातल्या कशातच नाही, ती भयकथा आहे. 1992 चा चित्रपट पाहून नायिका मीना आणि काउंट ड्रॅक्युलाचं प्रेम शोधायला गेलात तर निराश व्हाल, कारण ते पुस्तकात नाहीच. तिथली मीना रोजनिशा टंकलिखित करते आणि आगगाड्यांची वेळापत्रकं पाठ करते, आणि याच वेळापत्रकांच्या जोरावर काउंटचा पाठलाग आखला जातो. मला ही मीना जास्त आवडते, पण प्रेमकथा मागणाऱ्याला ती देऊ नये.

ऐतिहासिक रोमान्स आणि ऐतिहासिक कादंबरी यांच्यातही हीच गल्लत होते, फक्त तिथे इतिहास आडवा येतो. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री आणि त्याची राणी अ‍ॅन बोलिन यांचं प्रेम कितीही रंगवा, 1536 साली तिचा शिरच्छेद होणारच. म्हणून रोमान्सवाल्या लेखिका कधी न झालेले ड्यूक, म्हणजे बडे उमराव, निर्माण करतात. त्यांना हवा तसा शेवट देता येतो. त्यातले कितीतरी ड्यूक रीजन्सीत सापडतात, म्हणजे 1811 ते 1820, राजा तिसरा जॉर्ज आजारी असताना युवराज कारभार पाहत होता तो काळ. हे दालन मुख्यतः जॉर्जेट हेयरने उघडलं, 'रीजन्सी बक' 1935 चं. रीजन्सीतच जगलेल्या जेन ऑस्टिनला मात्र या यादीत घालू नका. ती स्वतःच्याच काळाबद्दल लिहीत होती.

'आउटलँडर' (1991) ला रोमान्स लेखकांच्या संघटनेचा पुरस्कार मिळाला, आणि डायना गॅबाल्डन सांगत राहिली की हा रोमान्स नाही. तिचं म्हणणं मला पटतं. दुसऱ्या महायुद्धात काम केलेली नर्स 1743 च्या स्कॉटलंडमध्ये जाऊन पडते, पहिल्याच पुस्तकात तिचं लग्न लागतं, आणि गोष्ट पुढे जाडजूड भागांमधून चालूच राहते. रोमान्स जिथे थांबतो तिथून ही खरी सुरू होते.

व्हॅम्पायर आणि इतिहास दोन्ही हवं असेल तर चेल्सी क्विन यारब्रोची 'होटेल ट्रान्सिल्व्हेनिया' (1978) बघा. तिचाही काळ 1743 च, पण पॅरिसमध्ये. यातला व्हॅम्पायर काउंट सेंट जर्मेन हाच तिथला सगळ्यात सभ्य माणूस. राक्षस आहेत ते जिवंत उमराव. प्रेम आहे, मनापासून आहे. तरी रोमान्स म्हणून देऊ नका. काउंट मरत नाही, त्यामुळे पुढच्या पुस्तकात काळ दुसरा, शहर दुसरं आणि स्त्रीही दुसरी.