कुत्र्याच्या अंगावरची वाढती गाठ: कापायची की राहू द्यायची?

लॅब्रॅडॉर आठ-नऊ वर्षांचा झाला, वजनही थोडं वाढलं, की अंगावरून हात फिरवताना बरगडीपाशी एखादी मऊ गाठ हाताला लागते. महिन्या-दोन महिन्यांनी ती मोठी झाल्यासारखी वाटते. मग घरात दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, चरबीची असणार, म्हातारपणी येतातच. दुसऱ्याचं म्हणणं, वाढतेय ना, मग काढून टाकू. काळजी दोघांनाही सारखीच असते. पण गाठ कोणत्या पेशींची आहे, हे दोघांपैकी कुणालाच ठाऊक नसतं, आणि सगळा निर्णय तर त्यावरच ठरायचा असतो.

वाढण्याचा वेग काहीतरी सांगतो, पण थोडंच. एका रात्रीत आलेली, गरम, दुखरी गाठ असेल आणि कुत्रा दोन दिवसांपूर्वी भांडून आला असेल, तर बहुधा दाताची जखम वरून बुजून आत पू साचलेला असतो. कानाची पाळी अचानक फुगली तर डोकं झटकून झटकून आत रक्त साकळलेलं असतं. रक्त पिऊन टरारलेला गोचीड मस समजून दाखवायला आणणारेही पुष्कळ. आणि तरुण कुत्र्याच्या डोक्यावर, कानावर किंवा पायावर एक गोल, लालसर, केस गळालेली गाठ येते. तिचं नाव हिस्टिओसायटोमा. ती दोन-तीन आठवड्यांत झपाट्याने वाढते, घरचे घाबरून जातात, आणि मग शरीराच्याच रक्षक पेशी तिच्यावर चालून जातात आणि एक ते तीन महिन्यांत ती विरून जाते. याउलट, वर्षभर हळूहळू वाढणारी, न दुखणारी, घट्ट गाठ स्नायूंच्या आसपासच्या ऊतींचा कॅन्सर निघू शकते. म्हणजे भरभर वाढणारी गाठ निरुपद्रवी निघते आणि संथ वाढणारी घातक. वेगावर भरवसा ठेवून बसू नये ते यासाठी.

बोटांवरही ठेवू नये. ‘मऊ आहे, कातडीखाली सरकते, म्हणजे चरबीचीच’ हा निष्कर्ष सर्रास काढला जातो. चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा, खरोखरच मऊ आणि सरकणारी असते. पण मास्ट पेशींची गाठही अगदी तशीच लागू शकते, आणि कुत्र्यांच्या त्वचेवरच्या कॅन्सरांमध्ये सर्वात जास्त आढळणारा कॅन्सर हाच आहे. मास्ट पेशी प्रत्येक निरोगी कुत्र्याच्या अंगात असतात, माणसाच्याही असतात. ॲलर्जीच्या वेळी खाज, लाली, सूज येते ती यांच्यामुळे. या पेशींच्या आत हिस्टामिन आणि रक्त गोठू न देणारं हेपारिन यांचे बारीक कण भरलेले असतात. या पेशींची गाठ झाली की ती चोळल्यावर, दाबल्यावर ते कण बाहेर सांडतात आणि गाठ तासाभरात फुगते, मग एक-दोन दिवसांत उतरते. ‘कमी झाली की हो’ म्हणून घरचे निश्चिंत होतात, तो धोक्याचा इशारा असतो. चरबीची गाठ अशी वर-खाली होत नाही. हिस्टामिन रक्तातून पोटात पोचलं की जठरात आम्ल वाढतं, व्रण होतात, कुत्रा उलट्या करू लागतो, शी काळी डांबरासारखी होते. गाठ पाठीवर आणि त्रास पोटात, त्यामुळे दोन्हींचा संबंध पटकन लक्षात येत नाही. बॉक्सर, पग, बुलडॉग, लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर या जातींत ही गाठ जास्त दिसते. यांपैकी एखादा घरात असेल तर कातडीवरच्या कोणत्याही नव्या उंचवट्याबद्दल जरा जास्तच सावध राहावं.

मग कळायचं कसं? सुईने. लस टोचतात तेवढ्याच जाडीची सुई गाठीत घालायची, दोन-तीन वेळा आतल्या आत हलवायची, सुईत आलेल्या पेशी काचेच्या पट्टीवर उडवायच्या, वाळवायच्या, रंगवायच्या आणि मायक्रोस्कोपखाली पाहायच्या. आपल्याकडे डॉक्टर या तपासणीला एफएनएसी म्हणतात. बहुतेक कुत्र्यांना भूल लागत नाही, काम काही मिनिटांत होतं, खर्च ऑपरेशनच्या मानाने फारच कमी. चरबीची गाठ असेल तर पट्टीवर वडापावच्या कागदावर उमटतो तसा तेलकट डाग दिसतो. गंमत म्हणजे रंगवण्याआधी पट्टी अल्कोहोलात बुडवली की ती चरबी विरघळून जाते आणि पट्टी जवळजवळ रिकामी दिसते. अनुभवी डोळ्याला ते रिकामपणही पुरेसं बोलकं असतं. मास्ट पेशी असतील तर जांभळ्या कणांनी गच्च भरलेल्या गोल पेशी दिसतात. मात्र झटपट रंगात हे कण कधी कधी नीट रंगत नाहीत, म्हणून शंका असेल तर जीम्सा किंवा राइट पद्धतीने पट्टी पुन्हा रंगवतात.

या तपासणीला विरोध होतो तो पैशांमुळे कमी, भीतीमुळे जास्त. ‘गाठीला सुई लावली की ती चिघळते, पसरते’ ही समजूत आपल्याकडे माणसांच्या गाठींबद्दलही आहे, आणि तिच्यापायी कितीतरी कुत्र्यांचे महत्त्वाचे महिने वाया जातात. कातडीवरच्या किंवा कातडीखालच्या गाठीत सुई घातल्याने कॅन्सर पसरणं हे अत्यंत दुर्मिळ आहे. मूत्राशयातली गाठ हा खरा अपवाद. तिथे सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याची उदाहरणं आहेत, म्हणून तिथे डॉक्टर दुसरा मार्ग घेतात. मास्ट पेशींच्या गाठीत सुईनंतर थोडी सूज किंवा रक्त येऊ शकतं, पण ते हिस्टामिन-हेपारिनचं काम. तो पसरणारा कॅन्सर नव्हे.

सुईलाही मर्यादा आहेत. काही गाठींच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट धरून असतात की सुईत नुसतं रक्त येतं. अशा वेळी रिपोर्टवर ‘निष्कर्ष नाही’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ ‘कॅन्सर नाही’ असा लावू नये. पुन्हा सुई घालावी किंवा छोटा तुकडा काढून बायोप्सी करावी. ज्या गावात पॅथॉलॉजीची सोय नाही तिथूनही पट्ट्या वाळवून कुरिअरने पाठवता येतात. राज्यात परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्यातलं परळचं तर १८८६ पासूनचं. एक बारीकशी पण महत्त्वाची गोष्ट: पट्ट्या आणि फॉर्मालिनमधला तुकडा एकाच डब्यात पाठवू नये. फॉर्मालिनच्या वाफेने न रंगवलेल्या पट्टीवरच्या पेशी बिघडतात आणि वाचता येत नाहीत.

कधी जायचं याबद्दल स्यू एटिंगर या अमेरिकी कॅन्सरतज्ज्ञ पशुवैद्यक एक सोपा नियम सांगत आल्या आहेत: गाठ वाटाण्याएवढी, म्हणजे साधारण एक सेंटिमीटर, झाली असेल किंवा महिनाभर टिकली असेल तर सुई घालून बघा. मला हा नियम पटतो, कारण त्यामागे साधं गणित आहे. गोल गाठीची रुंदी दुप्पट झाली की आतलं आकारमान आठपट होतं. ‘एकाची दोन सेंटिमीटर झाली, एवढंच’ असं म्हणतो तेव्हा आत पेशींची गर्दी जवळपास आठपट झालेली असते. दुसरं गणित ऑपरेशनचं. मास्ट पेशींची गाठ काढताना सर्जन नुसती गाठ उचलत नाहीत. चहूबाजूंनी साधारण दोन सेंटिमीटर निरोगी वाटणारी कातडी आणि खाली स्नायूवरचा एक पदरही काढतात, कारण कॅन्सरच्या पेशी डोळ्याला दिसणाऱ्या कडेच्या पलीकडे गेलेल्या असतात. म्हणजे एक सेंटिमीटरच्या गाठीसाठी पाच सेंटिमीटरची जखम. छातीवर ती सहज शिवता येते. पण तीच गाठ पुढच्या पायाच्या मनगटावर तीन सेंटिमीटरची होऊ दिली तर सात सेंटिमीटर कातडी आणायची कुठून? कधी मग पायच काढण्याची वेळ येते.

म्हणूनच तपासणीआधी ‘बघू या, काढून तर टाकू’ म्हणून केलेलं ऑपरेशन मला थांबण्याइतकंच धोक्याचं वाटतं. पहिलं ऑपरेशन हीच सर्वात चांगली संधी असते. कडेला पेशी शिल्लक राहिल्या तर गाठ व्रणाच्या जागी परत येते आणि दुसऱ्या वेळी कापायला निरोगी जागा कमी उरते. काढलेली गाठ फेकून देणं हेही आपल्याकडे फार चालतं. ती संपूर्ण हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे मायक्रोस्कोपखालच्या तपासणीला, पाठवायला सांगा. कडा स्वच्छ आहेत का आणि ग्रेड कोणता, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक आहे, हे त्यावरूनच कळतं. मास्ट पेशींच्या गाठींसाठी २०११ पासून लो आणि हाय अशी दोनच ग्रेडची पद्धत वापरात आहे. लो ग्रेडची गाठ नीट काढली तर बहुतेक कुत्री तिच्यातून सुटतात. हाय ग्रेड असेल तर ऑपरेशनवर भागत नाही, औषधंही लागतात.

मादीच्या स्तनातल्या गाठींचा हिशोब थोडा वेगळा. त्यांपैकी साधारण निम्म्या घातक असतात आणि सुईने चांगली-वाईट हा फरक नेहमी सांगता येत नाही, म्हणून इथे गाठ काढून मग तपासणं हाच बहुधा योग्य क्रम असतो. आधी छातीचा एक्स-रे हवा, कारण हा कॅन्सर फुप्फुसांत जातो. तीन सेंटिमीटरपेक्षा लहान असताना काढलेल्या गाठींचा निकाल चांगला लागतो. पोटाखालच्या पाचही जोड्या महिन्यातून एकदा चाचपण्यासाठी दोन मिनिटं पुरतात. पहिल्यांदा माजावर येण्याआधी नसबंदी केलेल्या मादीला हा कॅन्सर होण्याचा धोका, नसबंदी न केलेल्या मादीच्या तुलनेत, जेमतेम अर्धा टक्का राहतो असं १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आढळलं होतं. एका माजानंतर ८ टक्के, दोन किंवा अधिक माजांनंतर २६ टक्के. पुढच्या समीक्षकांना हे आकडे तितके पक्के वाटले नाहीत, आणि मोठ्या जातींत फार लवकर नसबंदी केल्याने सांध्यांचे प्रश्नही येतात. त्यामुळे वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवावी.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांना आणखी एक गाठ ओळखीची असते: जननेंद्रियावर लालभडक, खडबडीत, रक्त ठिबकणारा गोळा. हा टीव्हीटी, म्हणजे संसर्गाने पसरणारा कॅन्सर. इथे विषाणू नसतो, कॅन्सरच्या जिवंत पेशीच समागमातून किंवा चाटण्या-हुंगण्यातून एका कुत्र्याच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात जाऊन रुजतात. १८७६ मध्ये म्स्तिस्लाव नोविन्स्की या रशियन पशुवैद्यकाने या पेशी एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवल्या होत्या. केंब्रिजच्या एलिझाबेथ मर्चिसन यांच्या गटाने २०१९ मध्ये जगभरातल्या या गाठींचे डीएनए ताडून पाहिले. हा कॅन्सर आशियात, ४,००० ते ८,५०० वर्षांपूर्वी, एका कुत्र्यात सुरू झाला असं त्यातून दिसलं. तो कुत्रा केव्हाच गेला, त्याच्या पेशी अजून जगतायत. दिसायला इतकी भयंकर असलेली ही गाठ औषधाने मात्र उत्तम बरी होते. व्हिन्क्रिस्टिनचं इंजेक्शन आठवड्यातून एकदा, साधारण चार ते आठ वेळा, आणि बहुतेक कुत्री पूर्ण बरी. हे औषध आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळतं. पण म्हणून कुणी सदाफुलीचा पाला कुत्र्याला देऊ नये, तो विषारी आहे. इंजेक्शनही शिरेबाहेर सांडलं तर मांस सडतं, ते डॉक्टरांनीच द्यायचं.

जबड्याखाली, खांद्यांपुढे, गुडघ्यांमागे दोन्ही बाजूंना एकाच वेळी गाठी लागल्या तर त्या बहुधा सुजलेल्या लसीका ग्रंथी (लिम्फ नोड) असतात. गोचीड ताप किंवा लसीका ग्रंथींचा कॅन्सर, दोन्ही शक्य आहे. तिथे वाट पाहण्याचे दिवस नसतात, त्याच आठवड्यात दाखवावं.

घरच्या घरी करण्यासारखं थोडंच आहे. चुना, हळद, गरम शेक, पिळणं, दोरा बांधणं, यातलं काहीच करू नये. माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नये. निदानाआधी स्टिरॉइडही नको. मास्ट पेशींची गाठ आणि लसीका ग्रंथींचा कॅन्सर दोन्ही स्टिरॉइडने तात्पुरते आटतात, मग सुईत नीट पेशी मिळत नाहीत आणि कुत्रा बरा झाला असा समज होतो.

आणि बारा-तेरा वर्षांचा कुत्रा असेल तर? नुसतं वय हे भूल नाकारण्याचं कारण नाही. हृदय, मूत्रपिंडं, यकृत कसं चाललंय हे रक्ततपासणी आणि एक्स-रेवरून बघून ठरवतात. पण गाठ चरबीचीच आहे हे सुईने पक्कं झालं, ती चालताना आड येत नाही, फुटत नाही, तर तिला हात न लावणं हा पूर्ण विचारांती घेतलेला निर्णय आहे. लोकांनी ‘एवढा मोठा गोळा, तुम्ही काढत नाही?’ असं विचारलं तरी अपराधी वाटून घेण्याचं कारण नाही. काखेतला लायपोमा पाय टाकू देत नसेल तर तो काढावा. उलट, घातक गाठ आहे पण म्हाताऱ्या कुत्र्याची मूत्रपिंडं आधीच थकलीत, अशा वेळी वेदनाशामक देऊन, जखम स्वच्छ ठेवून त्याचे दिवस सुखाचे करणं हीही चांगली शुश्रूषा आहे. ऑपरेशनने त्याला किती दिवस मिळतील आणि त्यातले किती बरे होण्यात जातील, हा प्रश्न डॉक्टरांना उघड विचारावा. चांगले डॉक्टर तो टाळत नाहीत.

एकदा चरबीची म्हणून ठरलेल्या गाठीचीही नोंद ठेवावी: कुत्र्याच्या आकाराचं साधं चित्र, त्यावर गाठीची जागा, फुटपट्टीने मोजलेली रुंदी, तारीख, शेजारी पट्टी ठेवून फोटो. महिन्याला एकदा तेवढं पुरतं. घट्ट झाली किंवा वेग बदलला तर पुन्हा सुई. आणि तिच्या शेजारी नवी गाठ आली तर तिला पहिलीचा रिपोर्ट लागू होत नाही. अंगावर सहा लायपोमा असलेल्या लॅब्रॅडॉरची सातवी गाठ मास्ट पेशींची असू शकते, तिची पट्टी वेगळी काढावी लागते.