मिरचीचे गोत्र

मार्च-एप्रिलच्या उन्हात साताऱ्यातल्या मसाला कुटायच्या कोणत्याही डंकाजवळून गेले की ठसका लागतोच. वर्षभराच्या कांदा-लसूण मसाल्यासाठी रंगाला बेडगी आणि तिखटाला लवंगी अशी मिरची वाळवून, देठ खुडून आणलेली असते, आणि तिच्याबरोबर धने, खोबरे, तीळ, लवंग, मिरे हेही असतात. मिरची आणि मिरे दोन्ही तिखट, त्यांची नावेही बहिणींसारखी. तरी वनस्पतिशास्त्रात या दोघांचे नाते फार दूरचे आहे.

मिरे हे पायपर नायग्रम या वेलीचे फळ असून ती वेल मूळची दक्षिणेकडील पश्चिम घाटातली आहे. पिंपळी तिच्याच प्रजातीतली, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटातली, आणि विड्याच्या पानांची नागवेलही त्याच प्रजातीतली. मिरज तालुक्यातले पानमळे ज्याने पाहिले आहेत, त्याला मिऱ्याच्या वेलीचे पान पाहताच ओळखीचे वाटते. मिरची मात्र अमेरिका खंडातली. ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर भारतात आली. त्याआधी आपल्या जेवणातला झणझणीतपणा मिरे, पिंपळी आणि आले यांच्यावर चाले, म्हणून नव्या तिखट फळालाही मिरीवरूनच नाव मिळाले. स्पॅनिश भाषेतही हेच घडले: तिथे मिऱ्याला ‘पिमिएन्ता’ म्हणतात आणि मिरचीला ‘पिमिएन्तो’.

मिरचीचे खरे सोयरे कोण, हे पाहायचे असेल तर देठाकडे पाहावे. मिरचीचा देठ खुडताना त्याच्याबरोबर जी हिरवी टोपी निघते, ती फुलाच्या निदलपुंजाची, म्हणजे पाकळ्यांखालच्या हिरव्या दलांची असते आणि फळ वाढले तरी गळून पडत नाही. कृष्णाकाठच्या वांग्यावर हीच टोपी अधिक मोठी आणि काटेरी दिसते. वांगे, टोमॅटो, बटाटा, तंबाखू आणि धोतरा ही सगळी मंडळी मिरचीच्याच, म्हणजे सोलॅनेसी कुलातली आहेत. आपण मिरचीला भाजी म्हणतो किंवा मसाला म्हणतो, पण ती फुलाच्या बीजांडकोशापासून तयार होते आणि तिच्या आत बिया असतात. म्हणून शास्त्र तिला फळ मानते, आणि फळांमध्येही मृदुफळ, म्हणजे टोमॅटोसारखे कठीण कोय नसलेले फळ.

मिरचीच्या कॅप्सिकम या प्रजातीत लागवडीखाली आलेल्या जाती पाच आहेत. त्या ठरवताना फळाचा आकार, रंग किंवा तिखटपणा यांवर भरवसा ठेवता येत नाही, फुले आणि बिया तपासाव्या लागतात. कॅप्सिकम ॲनमच्या फांदीवर बहुधा एका ठिकाणी एकच पांढरे फूल येते, बॅकाटमच्या पाकळ्यांवर पिवळसर-हिरवट ठिपके असतात, तर प्युबेसन्सची फुले जांभळी आणि बिया काळ्या असतात. ईशान्य भारतातली भूत जोलोकिया मुख्यतः चायनेन्स या जातीत धरतात. या जातीला हे नाव 1776 मध्ये ती चीनमधली असल्याच्या गैरसमजातून मिळाले आणि नियमानुसार तसेच राहिले. ‘ॲनम’ म्हणजे वर्षायू, एका वर्षातच आयुष्य संपणारे, आणि हेही नाव पुरते खरे नाही, कारण थंडीचा कडाका नसेल तर हेच झाड काही वर्षे जगते. बेडगी आणि ढबू मिरची दिसायला इतक्या वेगळ्या असूनही दोन्ही ॲनमच.

ढबू मिरची उभी चिरून पाहावी. आत पोकळी असते, भिंतीवरून पांढऱ्या शिरा उतरतात आणि देठाकडच्या पांढऱ्या गाभ्याला बिया चिकटलेल्या असतात. तिखट मिरचीत कॅप्सेसिन तयार होते ते या पांढऱ्या भागात. बिया त्याला लागून असल्यामुळे तिखट लागतात, त्या स्वतः ते तयार करत नाहीत. खर्डा सौम्य करायचा असेल, तर नुसत्या बिया झटकून भागत नाही, शिराही काढाव्या लागतात. तिखट ही मुळात चवही नव्हे. चटका जाणणाऱ्या चेतातंतूंवरील एका ग्राहीला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, कॅप्सेसिन चेतवते, म्हणून भाजल्यासारखे वाटते. ही ग्राही अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने 1997 मध्ये शोधली आणि त्यांना 2021 च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. मिऱ्यातले पायपरिन हे वेगळे रसायन, पण तेही याच ग्राहीला चेतवते. जिभेला दोन्ही एकाच प्रकारची वाटतात ती यामुळे. पक्ष्यांच्या ग्राहीवर कॅप्सेसिनचा तसा परिणाम होत नाही, म्हणून ते पिकलेली मिरची निर्धास्त खातात आणि बिया न चावता दूरवर टाकतात.

ढबू मिरचीत कॅप्सेसिन तयार करणारे जनुक निकामी झालेले असते. तिच्या वाफ्याशेजारी ॲनमचाच एखादा तिखट वाण असेल, तर मधमाश्यांमुळे दोघांचा संकर होऊ शकतो. त्या हंगामातली ढबू गोडच राहते, कारण गाभा आईच्या झाडाचा असतो. पण तिचे बी धरून पुढच्या वर्षी लावले, तर आलेल्या रोपांपैकी काहींना तिखट फळे धरतात, कारण तिखटपणाचे जनुक प्रभावी आहे, म्हणजे ते एकाच पालकाकडून आले तरी पुरते. शेजारी मिऱ्याची वेल कितीही वर्षे चढवली, तरी तिचा मिरचीशी संकर होणार नाही.