एक केबल तुटली की पूल पडतो?
कोलकात्याच्या विद्यासागर सेतूबद्दल वर्षानुवर्षं ऐकतोय, की एक केबल तुटली तर अख्खा पूल हुगळीत जाणार. असं नाहीये हो! 1992 ला सुरू झालेला हा पूल, मधला गाळा (दोन उंच खांबांमधलं अंतर) 457 मीटरचा, पण झुलत्या पुलासारखा दोन मुख्य दोरांवर लटकलेला नाही, इथे प्रत्येक केबल तिरकी थेट उंच खांबाला जाते आणि एखादी गेली तर तिचा भार शेजारच्या केबल आणि डेक (ज्यावरून रस्ता जातो तो पुलाचा सपाट भाग) वाटून घेतात, म्हणून तर केबल बदलताही येतात. ग्रीसच्या रिओ-अँटिरिओ पुलावर जानेवारी 2005 मध्ये वीज पडून केबल जळून तुटली, पूल उभाच राहिला. काळजी करायचीच तर गंजाची करा, तो एकाच वेळी अनेक केबलना पोखरतो.