फुगलेलं दप्तर

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक शाळेत मी शिकवत होते, तेव्हाची गोष्ट. अकरावीतल्या एका मुलाचं दप्तर अचानक फुगायला लागलं. एकदा वही काढताना आतून टॉवेल, टूथब्रश आणि घडी घातलेली पँट बाहेर आली. विचारलं तर म्हणाला, ‘‘सध्या मावशीकडे असतो, मॅडम.’’ पंधरा दिवसांनी तो मित्राच्या खोलीवर गेला होता. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे खाडे वाढत गेले आणि सहामाहीनंतर तो आलाच नाही. मला दप्तर दिसलं होतं, पण त्याचा अर्थ लागला नव्हता. हे अजून सलतं.

घरातून निघालेलं पोर थेट म्हापशाच्या बसस्टँडवर किंवा मडगावच्या फलाटावर झोपायला जात नाही. आधी मावशी, मग मित्र, मग कामाच्या ठिकाणची खाट; प्रत्येक ठिकाणी काही दिवसांनी यजमानाचा चेहरा बदलतो आणि पोर स्वतःच पुढची जागा शोधतं. या मधल्या पायऱ्यांची गणतीच होत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख बेघर नोंदले गेले, पण ते फुटपाथवर, पुलाखाली, फलाटावर उघड्यावर राहणारे. मावशीच्या पडवीत अंथरूण टाकणारा मुलगा त्या आकड्यात नाही.

ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग शहरात मुलांना नेमकं याच टप्प्यावर गाठायचा प्रयत्न झाला. निवडक शाळांमधल्या सगळ्याच विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली गेली: घरी सुरक्षित वाटतं का, आईवडिलांशी सतत खटके उडतात का, अलीकडे घर सोडून गेला होतास का. सगळ्यांना विचारलं म्हणून कुणावर शिक्का बसला नाही, आणि जी मुलं वर्गात गप्प बसून सगळं लपवतात तीही समोर आली. मग शिक्षकांशी पडताळून, मुलाशी बोलून, गरज असेल तिथे कार्यकर्ता थेट घरी जाऊन कुटुंबाबरोबर काम करू लागला. साधारण तीन वर्षांत बेघरांसाठीच्या सेवांकडे येणाऱ्या किशोरवयीनांची संख्या तिथे ४० टक्क्यांनी घटली, आणि मध्येच शाळा सोडणारे २० टक्क्यांनी कमी झाले.

पैशाची मदतही वेळेवर पोचली तर किती फरक पडतो, ते शिकागोत दिसलं. घरभाडं थकलेली माणसं तिथे एका हेल्पलाइनला फोन करत. निधी कधी शिल्लक असे, कधी संपलेला. फोन कुठल्या दिवशी लागला यावर सगळं अवलंबून. त्यामुळे संशोधकांना तुलना आयतीच मिळाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, निधी असताना फोन केलेल्यांची पुढच्या सहा महिन्यांत बेघरांच्या निवाऱ्यात दाखल होण्याची शक्यता ७६ टक्क्यांनी कमी आढळली.

‘पोरगा हुशार असेल तर काढेल मार्ग,’ असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. मला ते पटत नाही. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांची बुद्धिचाचणी तोडणीआधी, हात आखडता असताना, आणि तोडणीनंतर पैसे आल्यावर घेतली गेली. माणसं तीच, पण तोडणीआधी त्यांचे गुण कमी पडले. विवंचना डोक्यातली जागा अडवते. त्यात सतराव्या-अठराव्या वर्षी पुढचा विचार करून निर्णय घेणारा मेंदूचा पुढचा भाग अजून पक्व होत असतो. ते काम पंचविशीपर्यंत चालतं. आज रात्री कुठे झोपायचं या चिंतेत असलेल्या मुलाकडून आपण अकाउंट्सच्या ताळेबंदाची अपेक्षा करतो.

गोव्यात यात आणखी एक पेच आहे. इथे हॉटेलात, किनाऱ्यावरच्या शॅकवर, म्हणजे हंगामी खानावळीत, काम मिळतं आणि कामाबरोबर झोपायला जागाही मिळते. घर सोडलेल्या पोराला ती देवासारखी वाटते. पण मेअखेर शॅक उतरवले जातात, हंगाम संपतो, आणि पगार नि खाट एकाच दिवशी जातात, तेही तोंडावर पाऊस असताना. भाटकाराने, म्हणजे जमीनमालकाने, आपल्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकाराला घराबाहेर काढू नये म्हणून गोव्याने १९७५ साली कायदा केला. डोक्यावरचं छप्पर जाणं म्हणजे काय, हे या भूमीला नीट ठाऊक आहे. मात्र नोकरीनिमित्त मालकाच्या आस्थापनात राहणारा मुंडकाराच्या व्याख्येत बसत नाही.

बालगृहात वाढलेल्यांचा अठरावा वाढदिवस तर बाहेर पडण्याची तारीखच असते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे, केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी महिन्याला ४,००० रुपये धरले आहेत. ही तयारी सतराव्या वर्षीच सुरू व्हायला हवी: आधार, बँक खातं, खोलीची अनामत, भांडण झालं तर फोन करता येईल असं एक माणूस. अठराच्या आतल्या कुठल्याही मुलासाठी १०९८ हा मदतीचा फोन क्रमांक आहे. तो मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते, पुसत नाही.

जून उजाडला की आता वर्गातल्या सगळ्यांना मी एक चिठ्ठी देते. प्रश्न दोनच: काल रात्री कुठे झोपलात, आणि या महिन्यात किती घरांत झोपलात. गेल्या वर्षी एका मुलीने दुसऱ्या प्रश्नापुढे ‘चार’ लिहून खोडलं होतं आणि शेजारी ‘एक’ लिहिलं होतं. तास संपल्यावर सगळे डबा खायला गेले, तेव्हा मी माझा डबा घेऊन तिच्या बाकावर जाऊन बसले.