मन्रोंची यादी: स्कॉटलंडमधल्या शिखरमोजणीची पार्श्वभूमी

स्कॉटलंडमध्ये ३,००० फुटांहून, म्हणजे ९१४.४ मीटरहून उंच असलेल्या स्वतंत्र डोंगराला 'मन्रो' म्हणतात. आजघडीला असे २८२ मन्रो आहेत आणि ते सगळेच्या सगळे सर करणाऱ्यांची नोंद सात हजारांवर गेली आहे. सह्याद्रीत भटकणाऱ्याला ही उंची किरकोळ वाटेल. तिथला सर्वांत उंच बेन नेव्हिस १,३४५ मीटरचा, म्हणजे आपल्या तोरण्याहूनही थोडा बुटका. कळसूबाईचा तर प्रश्नच नाही. पण चढाई बऱ्याचदा समुद्रसपाटीच्या आसपासून सुरू होते, वाटेत दलदल लागते, माथ्यावर धुके आणि वारा पिच्छा सोडत नाहीत आणि हिवाळ्यात आइस-अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) व क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे लोखंडी दाते) यांवाचून गत्यंतर नसते.

या सगळ्याचे मूळ एका यादीत आहे. १८८९मध्ये स्कॉटिश माउंटेनियरिंग क्लब स्थापन झाला, तेव्हा देशात ३,००० फुटांवरचे डोंगर किती, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. तीसेक असतील, असा सर्वसाधारण समज होता. क्लबच्या संस्थापक सभासदांपैकी ह्यू मन्रो यांनी हे काम अंगावर घेतले. जन्म १८५६चा, लंडनचा. घराण्याची जहागीर मात्र स्कॉटलंडमध्ये, किरिम्यूर गावाजवळ. त्यांनी सरकारी नकाशे पसरून एकेक उंची पडताळली. एका नकाशावर असलेला आकडा दुसऱ्यावर नसे, काही माथ्यांवर तर आकडाच नसे. मग स्वतः वर जाऊन वायुभारमापकाने मोजायचे. सप्टेंबर १८९१मध्ये क्लबच्या नियतकालिकात यादी छापून आली: एकूण ५३८ माथे, त्यांपैकी २८३ स्वतंत्र डोंगर. तीसाच्या जागी जवळपास तीनशे!

'स्वतंत्र डोंगर' कशाला म्हणायचे, याचा पक्का नियम मात्र मन्रोंनी कुठेही घालून दिला नाही. पुढे जॉन रूक कॉर्बेट यांनी २,५०० ते ३,००० फुटांच्या डोंगरांची यादी केली, तिथे निकष स्पष्ट आहे: डोंगर सर्व बाजूंनी किमान ५०० फूट उतरलेला हवा. मन्रोंच्या यादीत तो निवाडा नजरेवर आणि अनुभवावर होता. म्हणूनच ती १९२१, १९८१, १९९७ अशी पुन्हा पुन्हा सुधारावी लागली, आणि प्रत्येक वेळी कुणी ना कुणी खट्टू झाले. मला विचाराल तर या संदिग्धतेनेच खेळाची रंगत टिकवली.

यादी करणाऱ्याची स्वतःची यादी काही पूर्ण झाली नाही. स्काय बेटावरचा 'इनअ‍ॅक्सेसिबल पिनॅकल' त्यांना अखेरपर्यंत साधला नाही. हा ९८६ मीटर उंचीवर कड्यासारखा उभा असलेला पातळ सुळका. सोप्या धारेने चढले तरी दोन्हीकडे दरी, आणि उतरताना बहुतेक जण रॅपलिंगच करतात, म्हणजे दोरावरून घसरत खाली येतात. आजही पायी फिरणाऱ्या अनेकांना दोराची ओळख पहिल्यांदा इथेच होते. दुसरा एक सोपा डोंगर, कार्न क्लोइख-वूलिन, त्यांनी शेवटचा म्हणून मुद्दाम राखून ठेवला होता. १९१९मध्ये फ्रान्समध्ये न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. तो डोंगर राहिला तो राहिलाच, आणि १९८१च्या सुधारणेत तर मन्रोंमधून बादही झाला.

सगळे मन्रो सर करण्याचा पहिला मान गेला रेव्हरंड ए. ई. रॉबर्टसन यांच्याकडे. १९०१मध्ये ते ग्लेनकोतल्या ओनाख एगाख या अरुंद धारेवरच्या शेवटच्या माथ्यावर पोचले. त्यांनी आधी शिखरावरच्या दगडांच्या राशीचे चुंबन घेतले, मग सोबत आलेल्या पत्नीचे, असे सांगतात. पुढे त्यांच्या नोंदींवरून शंका निघाली की बेन व्हिविस या मन्रोवर पाऊस लागल्याने ते माथ्याआधीच माघारी वळले असावेत. क्लबच्या नोंदवहीत क्रमांक एकवर आजही त्यांचेच नाव आहे. गौण माथ्यांसकट सगळे करणारे पहिले रेव्हरंड रोनाल्ड बर्न, १९२३मध्ये.

नंतर मात्र वेग आला. १९७४मध्ये हेमिश ब्राउन यांनी सगळे मन्रो एकाच सलग मोहिमेत ११२ दिवसांत केले. २०२३मध्ये जेमी एरन्स यांनी एका डोंगरापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतरही स्वतःच्या बळावर कापत तेच ३१ दिवस, १० तास, २७ मिनिटांत संपवले. हे विक्रम थक्क करतात खरे, पण बहुतेकांचे मन्रो नोकरी-संसार सांभाळून, शनिवार-रविवार धरत, वीस-पंचवीस वर्षे चालतात.

अलीकडची उलथापालथ जीपीएसने केली. हौशी मोजणीदारांनी माथ्यांवर यंत्रे लावून उंची सेंटिमीटरमध्ये काढली. बेन अ ख्लाईव हा डोंगर ९१३.९६ मीटर निघाला, म्हणजे मन्रोच्या मर्यादेपेक्षा ४४ सेंटिमीटर कमी. २०१२मध्ये त्याला मन्रोंमधून वगळले. आता तो कॉर्बेटच्या यादीत मोजला जातो.