सत्तावन्नचे पंचेचाळीस कसे झाले?

जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या तीन वॉर्डांत (दहिसर, चेंबूर आणि माटुंगा भागांत) सुमारे सात हजार जणांचं रक्त तपासलं गेलं. महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं हे सेरो सर्वेक्षण. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाची प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी सापडल्या. बाहेरच्या वस्तीत १६ टक्के. संडाससुद्धा सामायिक असलेल्या वस्तीत दोन हात अंतर राखणार तरी कसं?

ऑगस्टमध्ये दुसरी फेरी झाली आणि झोपडपट्टीचा आकडा आला ४५ टक्के. आता, एकदा झालेली लागण काही परत जात नाही. मग हे बारा टक्के गेले कुठे?

ही तपासणी विषाणू शोधतच नाही. पूर ओसरल्यावर भिंतीवर पाण्याची रेघ उरते, तशी ती लागणीची खूण शोधते. साधारण दोन आठवड्यांनी आयजीजी नावाच्या प्रकारची प्रतिपिंडं पुरेशी तयार होतात, नंतर हळूहळू विरतात. विषाणूच्या आतल्या ‘एन’ प्रथिनाविरुद्धची काही तपासण्यांत तर काही महिन्यांतच दिसेनाशी होतात. रेघ पुसली, म्हणून पूर आलाच नव्हता असं होत नाही. शिवाय नमुन्यात कोण आलं यावरही आकडा थोडा हलतो.

उलटी चूकही होते. समजा हजारांतल्या फक्त दहा जणांना लागण झाली आहे आणि किट निरोगी माणसांपैकी शंभरात दोघांना चुकून ‘पॉझिटिव्ह’ म्हणतं. मग दहा खऱ्यांच्या जोडीला वीस खोटे! मे-जून २०२० च्या पहिल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांमधलं प्रमाण जेमतेम ०.७३ टक्के निघालं. एवढ्या कमी लागणीत ही भीती खरीच. म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने (एनआयव्ही) बनवलेल्या ‘कवच’ किटवर पॉझिटिव्ह आलेलं रक्त दुसऱ्या किटवरही तपासलं गेलं.

जून-जुलै २०२१ च्या चौथ्या फेरीत देशाचा आकडा ६७.६ टक्क्यांवर होता, पण तोवर लस आली होती. कोविशिल्डमुळे फक्त बाहेरच्या काट्याविरुद्ध, ‘एस’ प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं बनतात. त्यामुळे ‘एन’ची सापडली तर लागण झाली असं म्हणता येतं. कोव्हॅक्सिनमध्ये मात्र अख्खा निष्क्रिय विषाणू. ती घेतलेल्याच्या रक्तात ‘एन’ची प्रतिपिंडं दिसली, तर ती लशीची की आजाराची, हे त्या रक्तावरून ठरवणं अवघड. त्यामुळे सुई टोचण्याआधी विचारावं लागतं, लस कुठली घेतली?