तूप-कॉफी

तूप-कॉफी : साखर न घालता केलेल्या कोऱ्या कॉफीत लोणी, तूप, खोबरेल तेल किंवा मध्यम शृंखलेच्या वसाम्लांचे तेल (एमसीटी तेल) घुसळून तयार केलेले पेय. कर्बोदके दिवसाला साधारण 20 ते 50 ग्रॅमपर्यंत आवरती ठेवणाऱ्या आहारपद्धतींत, विशेषतः कीटो आहारात, ते सकाळच्या न्याहारीऐवजी घेतले जाते. ‘बुलेटप्रूफ कॉफी’ या व्यापारी नावानेही ते परिचित आहे.

या पेयाच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. प्रचलित समजुतीनुसार अमेरिकन उद्योजक डेव्ह अ‍ॅस्प्री यांनी ते रूढ केले. 2004 मध्ये तिबेटात कैलास परिसरात याकच्या लोण्याचा चहा प्यायल्यावर ही कल्पना सुचली, असे ते सांगतात. कृती त्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केली. तिबेट व लडाखमध्ये चहात लोणी व मीठ घालून तो उभट लाकडी नळकांड्यात घुसळण्याची रीत जुनी आहे, हे खरेच. दुसरे मत इथिओपियाकडे बोट दाखवते. स्कॉटिश प्रवासी जेम्स ब्रूस यांच्या 1790 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तांतात, भाजून कुटलेली कॉफी लोण्यात मळून तिचे गोळे ओरोमो लोक स्वारीवर शिदोरी म्हणून नेत, असा उल्लेख येतो. म्हणजे कॉफी व लोणी यांची जोडी किमान अठराव्या शतकाइतकी मागे नेता येते. तथापि तिबेटी चहा सातूच्या भाजलेल्या पिठाबरोबर, म्हणजे भरपूर कर्बोदकांसह घेतला जातो आणि ओरोमो गोळे ही वाटचालीची शिधासामग्री होती. धान्य टाळण्याचा हेतू या दोहोंपैकी एकीतही दिसत नाही. तो हेतू रुग्णालयातून आलेला आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिक या रुग्णालयाचे रसेल वाइल्डर यांनी 1921 मध्ये अपस्माराच्या (फेफऱ्याच्या) रुग्णांसाठी कीटोजेनिक आहार सुचवला आणि 1971 मध्ये पीटर हटनलॉकर यांनी त्याच आहाराचा मध्यम शृंखलेच्या तेलावर आधारलेला प्रकार मांडला. पेयाचे रूप हिमालयातून आले असले, तरी त्यामागचा विचार या उपचारपरंपरेचा वारस मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

कर्बोदके फार कमी झाली, की यकृत वसाम्लांपासून कीटोने तयार करते आणि मेंदूसह बहुतेक अवयव ती इंधन म्हणून वापरतात. आठ व दहा कार्बन अणूंची, म्हणजे मध्यम शृंखलेची, वसाम्ले आतड्यातून थेट प्रवेशिका शिरेवाटे यकृतात पोहोचतात, त्यामुळे त्यांपासून कीटोने लवकर बनतात. खोबरेल तेलात मात्र निम्म्याच्या आसपास बारा कार्बनचे लॉरिक अम्ल असते व त्याचा मोठा भाग लांब शृंखलेच्या वसाम्लांप्रमाणे लसीकावाहिन्यांतून जातो. तुपात आठ व दहा कार्बनची वसाम्ले थोडीच असल्याने तूप हा एमसीटीचा स्रोत आहे, हा दावा टिकत नाही.

कृतीतील खरी अडचण पायसीकरणाची, म्हणजे स्नेह व पाणी एकजीव राखण्याची आहे. लोण्यातील दुग्धप्रथिने व फॉस्फोलिपिडे स्नेहकणांना पाण्यात धरून ठेवतात. कढवताना ती बेरीबरोबर बाहेर पडतात. त्यामुळे तूप घातलेली कॉफी रवीने घुसळली, तर पेला खाली ठेवेपर्यंत वर पिवळा तवंग येऊ लागतो. मिक्सरमध्ये कण बारीक होऊन दाट फेस येतो, परंतु उकळते पेय बंद भांड्यात फिरवल्यास वाफेच्या दाबाने झाकण उडते. दह्यातून काढलेले घरचे लोणी नीट धुतलेले नसेल, तर उरलेल्या ताकाची प्रथिने गरम कॉफीत साकळून पांढरी कणी दिसते.

मराठवाड्यात सकाळचे पेय चहा आणि जेवणाचा आधार ज्वारीची भाकरी. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 70 ग्रॅम कर्बोदके असल्याने दीड-दोन भाकरींतच कीटो आहाराची दिवसाची मर्यादा ओलांडली जाते. भाकरी चालू ठेवून तूप-कॉफी घेणे म्हणजे नेहमीच्या आहारात उष्मांकांची भर घालणे होय. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रसृत केलेल्या दोन वेळा जेवण्याच्या पद्धतीशीही तिची गल्लत होऊ नये, कारण त्या पद्धतीचा भर खाण्याच्या वेळा कमी करण्यावर आहे आणि तीत भाकरी वर्ज्य नाही. पाश्चात्त्य कृतींतील ‘गवतावर पोसलेल्या गाईचे लोणी’ ही अटही येथे जशीच्या तशी लागू होत नाही. देवणी किंवा लाल कंधारी गाय पावसाळ्यात हिरव्या चाऱ्यावर असते, एरवी कडबा व सरकी पेंड यांवर. तुपाचा पिवळेपणा चाऱ्यातील कॅरोटीनवर अवलंबून असल्याने तो ऋतूनुसार बदलतो. म्हशीचे तूप पांढरटच राहते.

एक मोठा चमचा (सुमारे 14 ग्रॅम) तुपातून साधारण 125 किलोकॅलरी व आठ-नऊ ग्रॅम संपृक्त मेद मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार संपृक्त मेदाचा वाटा एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत असावा, म्हणजे 2000 किलोकॅलरींच्या आहारात सुमारे 22 ग्रॅम. दोन चमच्यांची कॉफी त्यातील बहुतेक वाटा एकटीच व्यापते. न गाळता उकळलेल्या कॉफीतील कॅफेस्टॉल हे द्रव्यही कोलेस्टेरॉल वाढवते. कागदी गाळणी ते अडवते, धातूची पुरेसे अडवत नाही. एमसीटी तेल एकदम जास्त घेतल्यास पोटात मुरडा व जुलाब होतात. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी औषधे घेणाऱ्या मधुमेहींत रक्तशर्करा फारशी न वाढताही कीटोआम्लता (कीटोने साचून रक्त आम्लधर्मी होणे) होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2015 मध्ये दिला होता. कर्बोदके तोडल्याने हा धोका वाढतो, म्हणून अशा रुग्णांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय न्याहारी सोडून ही कॉफी घेऊ नये.